गाडी डिझेल पितेय की कोणीतरी माणूस? दहा टायरीच्या ॲव्हरेजचा हिशोब लागेना

निफाडकर_ट्रान्सपोर्ट:
नमस्कार मंडळी. विषय जुनाच आहे पण माझं आता डोकं चालेना म्हणून धागा काढला. आपल्या घरच्या चार गाड्या, दोन आयशर आणि दोन दहा टायरी. आयशर वाशी मार्केटला भाजी घेऊन जातात, त्यांचं काही रडगाणं नाही. दहा टायरीचं आहे. लाईन नाशिक नागपूर, जाताना सातपूर नाहीतर सिन्नर एमआयडीसीचा माल, येताना नागपूरच्या कळमना मार्केटहून नाहीतर बुटीबोरी एमआयडीसीहून जे मिळेल ते. जाऊन येऊन तेराशे किलोमीटर धरा. गाडी बीएस सिक्स आहे, म्हणजे धुराच्या नव्या नियमातली, सुरवातीला चारच्या खाली ॲव्हरेज कधी गेलं नाही, म्हणजे ट्रिपला सव्वातीनशे लिटर. आता तोच ड्रायव्हर, तीच गाडी, आणि हिशोब येतो ३.६ चा. म्हणजे ३६० लिटर. नव्वदच्या भावाने ट्रिपमागे तीन हजाराच्या वर गेले की नाही, आणि भाडं आहे तिथेच आहे.

ड्रायव्हर वडलांच्या वेळचा, आम्ही अण्णा म्हणतो. विचारावं तर तोंड उघडवत नाही, न विचारावं तर हप्ता कसा भरायचा. फ्यूल सेन्सर बसवू की ड्रायव्हर बदलू? ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनी प्लीज सांगा, उगाच टाईमपास नको.

खंबाटकी_उतार:
बदलून टाका, सेन्सरला पैसे कशाला घालता. डिझेल मारतोय सरळ. तुम्हाला माहिती नसेल तर सांगतो, टाकीत पाईप टाकून काढणं ही जुनी गोष्ट झाली, आता टाकीच्या तोंडाला जाळी असते म्हणून रिटर्नचा पाईप सोडून कॅनमध्ये लावतात, इंजिन चालू ठेवायचं, कॅन आपोआप भरतो. हायवेला पत्र्याची टपरी दिसते ना, बाहेर चार निळे कॅन आणि एक नरसाळं, पाटी कसलीच नाही, तो पंक्चरवाला नसतो. पंपाच्या भावापेक्षा पंधरा वीस रुपये कमीने घेतो आणि पुढे ट्रॅक्टरवाल्याला, जेसीबीवाल्याला विकतो. माझ्याकडे एक होता, ३५ लिटरचा कॅन सीटखाली आणि वरती देवाचा फोटो.

ढाबा_स्पेशल_चहा:
देवाला पण ॲव्हरेज द्यावं लागतं हो 😄

दहा_टायरी_बीडकर:
मी ड्रायव्हर आहे, अठरा एकोणीस वर्षं झाली स्टेअरिंगवर, मालक लोकांच्या धाग्यावर लिहू का नको विचार करत होतो पण खंबाटकीवाले साहेब बोलले म्हणून लिहितो. डिझेल काढतात, खोटं कशाला बोलू, मीबी काढलंय. पण कशासाठी काढतो ते कोणी विचारत नाही. शेठ ट्रिपला खर्ची देतो, धरा पाच हजार, त्यात माझं जेवण, क्लीनरचं जेवण, पंक्चर, आणि मार्केटला गेलं की वाराई, ती दिल्याशिवाय हमाल गाडीला हात लावत नाही आणि पावती देत नाही. मग चौकातला साहेब, मग नाक्यावरचा साहेब, मग कंपनीच्या गेटवरचा वॉचमन आत सोडायचे पन्नास शंभर घेतो, वजनकाट्यावरचा पोरगा चहापाणी म्हणतो. घरी येऊन हिशोबाला बसलं की मुनशी म्हणतो पावती दाखव. आता साहेबाची पावती मी कुठून छापून आणू? मग मुनशीच सांगतो डिझेलमध्ये ॲडजस्ट कर. हे मी नाही, मुनशी सांगतो! मग शेठला वाटतं ड्रायव्हर चोर.

आणि रात्री गाडी उभी करून झोपलं की सकाळी टाकीचं कुलूप तुटलेलं. धुळे सोलापूर रोडला येडशी तेरखेड्याकडं आम्ही ढाब्यावर गर्दी असल्याशिवाय थांबत नाही. तिथं गेलेलं डिझेल पण माझ्याच पगारातनं. लायसन मालकाच्या टेबलात, जाणार कुठं.

निफाडकर_ट्रान्सपोर्ट:
@दहा_टायरी_बीडकर भाऊ लिहीत जा, तुमच्यासारख्यांचंच ऐकायचं आहे. लायसन मी कोणाचं ठेवत नाही.

वहीखाते_कळंबोली:
मी कळंबोलीत ट्रान्सपोर्ट ऑफिसात अकाउंट बघते, स्टीलच्या गाड्या, बारा टायरी चौदा टायरी. निफाडकर दादा, तुम्ही ॲव्हरेज काढता कसं ते आधी सांगा. किती जणांचा घोळ इथेच असतो. तुम्ही ट्रिपच्या पावत्यांची बेरीज करून किलोमीटरने भागत असाल तर तो आकडा गाडीचा नाहीच, तो पावत्यांचा आहे. खरं ॲव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल, एकाच पंपावर, एकाच नोझलला, गाडी सपाट जागेवर उभी करून, आणि भरताना आपलं माणूस उभं पाहिजे. तसं करताय का?

दुसरं, डिझेल रोखीने भरता, कार्डावर का पंपाच्या उधारी खात्यावर? आणि पावत्या कोण गोळा करतं?

निफाडकर_ट्रान्सपोर्ट:
ताई पावत्यांची बेरीजच करतो. वडील पण तसंच करायचे. घरच्या जवळ एका पंपावर खातं आहे, महिन्याला बिल येतं, बाहेर रोख. पावत्या मुनशी लावतो फाईलला, तो म्हणजे आत्याचा मुलगा.

वहीखाते_कळंबोली:
मग पहिलं काम, खात्यावरच्या पावत्या आणि जीपीएसची हिस्टरी शेजारी शेजारी ठेवा. पावतीवर तारीख वेळ असते. गाडी त्या वेळी त्या पंपावर होती का एवढंच बघा. दुसरं काही बघू नका. आमच्याकडे मागे एक प्रकार झाला, नाव गाव सांगत नाही, दोनशे लिटरची पावती आणि टाकीत पडलेलं एकशे ऐंशी, वीस लिटरचे पैसे पंपावरचा पोरगा आणि आपला माणूस निम्मे निम्मे. ड्रायव्हर गाडीत झोपलेला, त्याला पत्ताच नाही आणि ॲव्हरेज पडलं म्हणून दोन महिने त्याचाच भत्ता कापला जात होता.

खंबाटकी_उतार:
फ्लीट कार्ड घ्या ना मग, तेल कंपन्यांचं डिझेल भरायचं कार्ड. एक्स्ट्रापॉवर आहे, स्मार्टफ्लीट आहे, ड्राइव्हट्रॅक प्लस आहे, गाडी नंबरवर कार्ड, लिमिट लावता येतं, एसएमएस येतो लगेच.

वहीखाते_कळंबोली:
कार्ड घ्याच पण कार्ड म्हणजे कुलूप नाही. कार्डवर अठरा हजार मारून टाकीत सोळाचं टाकायचं आणि फरक रोख हातात, हे ठरवून होऊ शकतं. मेसेज अठराचाच येतो आणि आपण खूष.

पुणेरी_इंजिन:
मी गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो, कोणत्या कंपनीत ते सोडा. बीएस सिक्स गाडी असेल तर तुम्हाला अर्धं उत्तर फुकटात मिळतंय आणि तुम्ही ते बघत नाही. एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांमध्ये इंजिनाचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, प्रत्येक इंजेक्शनला किती डिझेल सोडलं त्याचा हिशोब ठेवतो. टाटाचं फ्लीट एज, लेलँडचं आय ॲलर्ट, आयशरचं माय आयशर, या ॲपमध्ये ट्रिपमागे इंजिनाने किती लिटर जाळलं ते दिसतं. पावत्यांनी म्हटलं ३६० आणि इंजिन म्हणतंय ३३०, तर ३० लिटर इंजिनापर्यंत पोचलंच नाही. ते टाकीतून गेलं का टाकीत पडलंच नाही, ते शोधायला टाकीतला सेन्सर. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक घोळ करतात.

सेन्सर घेणार असाल तर रॉडवाला घ्या, टाकीच्या तळापर्यंत जाणारा. आणि बसवणाऱ्याने टाकी पूर्ण रिकामी करून वीस वीस लिटर टाकत प्रत्येक टप्प्याचं रीडिंग घेतलं पाहिजे. पाच मिनिटात बसवून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. घाटात डिझेल एका बाजूला जातं, रीडिंग एकदम पंधरा लिटर खाली, मालकाला मेसेज चोरी झाली म्हणून, मालक रात्री दोनला फोन करून ड्रायव्हरला शिव्या देतो, आणि इगतपुरीला गाडी सपाटीला आली की डिझेल परत आलेलं असतं.

आणि एक प्रश्न. गाडी समृद्धीने जाते का जुन्या रोडने?

निफाडकर_ट्रान्सपोर्ट:
मागच्या वर्षापासून समृद्धीनेच. पार्टीला माल सकाळी पाहिजे असतो. त्याआधी संभाजीनगर जालना मेहकर कारंजा असं जायची.

पुणेरी_इंजिन:
मग तुमच्या ३६ लिटरातलं काही तिथेच गेलं. जुन्या रोडला दहा टायरी पन्नास पंचावन्नच्या वर जात नव्हती, समृद्धीला मालगाडीला ८० ची मुभा आहे आणि ड्रायव्हर ८० नेच पळवणार. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ५५ चा ८० झाला की रोध दुपटीच्या वर. ताडपत्री फडफडत असेल तर अजून. चढ उतार आणि ब्रेक कमी झाले म्हणून थोडं परत मिळतं पण सगळं नाही. एक ट्रिप अण्णांना साठ पासष्टने चालवायला सांगा, पार्टीला दोन तास उशीर चालणार असेल तेव्हा, आणि ईसीयूचा आकडा बघा.

मालाचं वजन पण बघा. जुलै २०१८ ला दहा टायरीचं एकूण वजन २५ टनावरून साडेअठ्ठावीस झालं. पुष्कळ ऑफिसांत भिंतीवर अजून २५ टनाच्या काळातलं ॲव्हरेज लिहिलेलं असतं आणि ड्रायव्हरला त्याने मोजतात.

दहा_टायरी_बीडकर:
हे इंजिनवाले साहेब बरोबर बोलले, आमचं कोणी ऐकत नाही, साहेबानं वर्ग घन केला की लगेच पटतं. अजून एक लिहा साहेब, कंपनीच्या गेटबाहेर आठ आठ तास गाडी उभी, मे महिन्यात केबिनमध्ये बसवत नाही, लाईन पुढं सरकली की स्टार्टर मारायचा. तासाला दीड दोन लिटर नुसतं उभ्या उभ्या जातं. एसी केबिन आता कुठं १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या गाड्यांना कंपल्सरी झाली. एसी लागला की ॲव्हरेज अजून पडणार, तेव्हा परत आम्हीच चोर.

मनमाड_जंक्शन:
नाशिककरांनो डिझेल चोरी म्हटलं की आमच्याकडं हसायचा विषय नाही हा. पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, तिथून टँकर निघाले की वाटेत ढाब्यावर थांबून तेल काढायचं आणि त्यात रॉकेल नाहीतर दुसरं काही मिसळायचं, हा धंदा वर्षानुवर्षं चालायचा. २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे त्या रस्त्याने जाताना त्यांनी हा प्रकार बघितला, गाडी थांबवून तपासायला उतरले आणि भर दिवसा त्यांना पेटवून दिलं. जिवंत जाळलं. सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी. ते वरचं हसणारं स्मायली बघून राहवलं नाही म्हणून लिहिलं. कॅन विकत घेणारा टपरीवाला एकटा नसतो, त्याच्या मागे साखळी असते, आणि ड्रायव्हरने एकदा दिलं की पुढच्या वेळी नाही म्हणायची सोय राहत नाही.

ढाबा_स्पेशल_चहा:
बरोबर आहे, माफ करा. ते प्रकरण विसरलो नव्हतो, या धाग्याशी जोडलं नव्हतं इतकंच.

खंबाटकी_उतार:
मला एक सांगा, एवढं सगळं करण्यापेक्षा बक्षीस द्या. आमच्या पाहुण्यांच्या गाड्यांना ठरवून दिलंय, ॲव्हरेज चार, त्याच्यावर जे वाचवशील त्याचे निम्मे पैसे तुझे. चोरायचं कारणच संपलं. ड्रायव्हर खूष.

पुणेरी_इंजिन:
अर्धं पटलं. पुण्यात राहतो म्हणून दुसरं अर्ध सांगतो. कात्रजच्या नवीन बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने कितीतरी गाड्या ठोकल्या, पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं की डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केलेलं. इंजिन बंद म्हणजे हवेचा कॉम्प्रेसर बंद, दोन चार वेळा ब्रेक दाबला की ब्रेकच्या टाकीतली हवा संपली, स्टेअरिंग पण जड. ॲव्हरेजवर पैसे लावले की न्यूट्रल मारणारे वाढतात, हे धरूनच बक्षीस लावा.

आणि ड्रायव्हर मंडळींसाठी, आताच्या कॉमनरेल इंजिनात गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला तर उतारावर ईसीयू डिझेल पूर्ण बंद करतो, चाकं इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रल केलं तर इंजिन चालू राहायला डिझेल पीत राहतं. म्हणजे घाटात न्यूट्रलने वाचतं ही समजूत जुन्या गाड्यांची, नव्या गाडीत पाय उचलला तरी पुरे, वर एक्झॉस्ट ब्रेक मिळतो तो वेगळा.

दहा_टायरी_बीडकर:
हे आम्हाला कधी कोणी सांगितलंच नाही. उस्तादाने न्यूट्रल शिकवलं तेच चालू.

काळा_कोट_नाशिकरोड:
कायद्याचं कोणी बोललं नाही म्हणून दोन ओळी. नोकराने मालकाच्या ताब्यातल्या मालाची चोरी केली तर आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३०६, आणि विश्वासाने सोपवलेल्या मालाचा अपहार केला तर ३१६ (४). १ जुलै २०२४ च्या आधीच्या भानगडींना जुन्या दंड संहितेची कलमं ३८१ आणि ४०८. दोन्हीकडे सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. प्रत्यक्षात पोलीस ठाण्यात गेलं की विचारतात पुरावा काय, आणि ॲव्हरेज पडलं हा पुरावा नाही. पावती, जीपीएस, ईसीयूचा रिपोर्ट, पंपाचं सीसीटीव्ही फुटेज, हे तारीखवार लावून न्या. फुटेज पंपवाले फार दिवस ठेवत नाहीत, लगेच लेखी मागा.

पगारातून परस्पर कापू नका, त्याचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय नुकसानभरपाई कापता येत नाही, हे १९३६ च्या वेतन कायद्यापासून चालत आलंय. लायसन अडकवून ठेवू नका. आणि काही मालक पोरं बोलावून ड्रायव्हरला गोडाऊनमध्ये कोंडून मारतात, व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतात. त्या व्हिडिओवरच मालकावर गुन्हा दाखल होतो, डिझेलचा विषय बाजूला राहतो.

खंबाटकी_उतार:
पंपाच्या मीटरचं काय? तिथे पण मारतात की.

वहीखाते_कळंबोली:
मारतात. २०१७ ला ठाणे पोलिसांनी पंपाच्या मशीनमध्ये चिप बसवून कमी माप देणारे पकडले होते आठवतं का, पेपरात रोज यायचं. शंका आली तर पंपावर पाच लिटरचं सरकारी शिक्क्याचं माप असतंच, मागा आणि भरून दाखवायला सांगा. देत नसेल तर वैधमापन विभागाकडे तक्रार. पण मीटरचं शून्य बघितलं की नाही याच्यापेक्षा आपला माणूस पावती लिहिताना पेन कोणाच्या हातात देतो ते बघा, तिथे जास्त जातं असं माझं मत.

निफाडकर_ट्रान्सपोर्ट:
अपडेट देतो. तीन महिन्याच्या पावत्या आणि जीपीएस घेऊन बसलो रात्री, बायको मदतीला होती, ती वेळ वाचायची आणि मी मोबाईलवर गाडी बघायचो. बाहेरच्या पावत्या बरोबर आहेत, जिथे पावती तिथे गाडी. घोळ घरच्या पंपाच्या खात्यात आहे. बऱ्याचशा ट्रिपांना एक छोटी पावती सापडते, वीस, पंचवीस लिटर, अशी. त्यातल्या एकीवर दुपारी तीन वाजून बारा मिनिटं आणि गाडी त्या वेळी मेहकरच्या पुढे पळत होती. दुसरीवर गाडी बुटीबोरीला काट्यावर. पावतीवर गाडी नंबर पेनाने लिहिलेला, आणि अक्षर मी ओळखतो.

ईसीयूचा आकडा पण काढला, शेवटच्या ट्रिपला इंजिनाने ३३५ जाळलंय. म्हणजे सव्वातीनशेच्या वरचे दहाएक समृद्धीचे धरले तरी पंचवीस इंजिनाला दिसलेच नाहीत.

अण्णाला विचारलं, चोरीचं नाही, वाराई किती जाते ते विचारलं. आधी काही बोलला नाही, मग खिशातून छोटी डायरी काढली, सगळं लिहिलेलं, कळमना वाराई, गेट, साहेबाची एंट्री, तारखेसकट. म्हणाला मुनशीला दर वेळी दाखवतो, तो म्हणतो बघू. ते पैसे त्याला कधी मिळालेच नाहीत. त्याने कुठून भरून काढले ते मी विचारलं नाही आणि विचारणार पण नाही.

दहा_टायरी_बीडकर:
शेठ, डायरी ठेवणारा ड्रायव्हर आहे, सांभाळा.

मनमाड_जंक्शन:
आता आत्याकडे कोण जाणार 😐

निफाडकर_ट्रान्सपोर्ट:
तेच तर. वडील म्हणतात दिवाळीपर्यंत थांब, पोराचं लग्न ठरतंय. मी पंपाचं खातं आजच बंद केलंय, मॅनेजरला कारण सांगितलं नाही, तो पण काही बोलला नाही, हिशोब करून दिला लगेच. न जुळलेल्या पावत्यांचे फोटो काढून ठेवलेत.

काळा_कोट_नाशिकरोड:
मूळ पावत्या फाईलमधून काढून स्वतःकडे ठेवा, फोटोवर भागत नाही. आणि पंपाला फुटेज राखून ठेवा असं पत्र आज द्या, दिवाळीला नको. तक्रार करायची की नाही ते नंतर ठरवा.

वहीखाते_कळंबोली:
आणि ट्रिप शीटला एक रकाना वाढवा, विनापावती खर्च म्हणून. आमच्या मालकांनी केलाय, नागपूर ट्रिपला ठराविक रक्कम, पावती मागायची नाही, उरली तर ड्रायव्हरची. सुरवातीला ते म्हणाले लुटतील, पण डिझेल दोन महिन्यात जागेवर आलं.

खंबाटकी_उतार:
ठराविक म्हणजे किती ताई? आकडा सांगा, मला पण लावायचंय.

वहीखाते_कळंबोली:
तो मार्केटप्रमाणे बदलतो, कळमन्याची वाराई आणि वाशीची सारखी नाही. ड्रायव्हरांना बसवून विचारा, चार जणांनी सांगितलेल्याचा मध्य काढा.

निफाडकर_ट्रान्सपोर्ट:
रकाना केला ताई. सेन्सरवाला रविवारी येतोय, टाकी रिकामी करून वीस वीस लिटरने भरणार का म्हणून आधीच विचारलं तर म्हणाला चार तास लागतील, म्हटलं लागू दे. दोन्ही गाड्यांना एकदमच बसवतोय. कोणाला बघायचं असेल तर पिंपळगावला या सकाळी नऊला, अण्णा पण थांबणार आहे.

ढाबा_स्पेशल_चहा:
येतो. चहा माझ्याकडून, तुमच्या हिशोबात लिहू नका.